चौघांचे गणित

कागलहून सकाळची एस. टी. गाठून कोल्हापुरास व्यवस्थापन शिकायला जाणारी मुले तुम्ही पाहिली असतील. तेथे १९७६ पासून शाहू महाराजांच्या नावाची संस्था हे शिक्षण देते. या विषयात नुसते व्याख्यान पुरत नाही. चौघांपुढे एखादा पेच ठेवतात. समजा, ऊसतोडणी आणि वाहतूक यांचा मेळ घालायचा आहे. हुशार मुलगा एकटाच कागद भरून मोकळा होतो. शेजारची शेतकऱ्याची मुलगी मात्र जाणते, की तोडलेला ऊस दोन दिवस फडात राहिला तर वजन घटते, उताराही पडतो. तिला विचारलेच नाही, तर गणित सुटेल, शेतकरी बुडेल! म्हणून संध्याकाळी मुलाला ‘गुण किती?’ एवढेच विचारू नका; ‘आज कुणाचे ऐकलेस?’ हेही विचारा.