विजेने धुवावयाची माती

हैदराबादेतील कुकटपल्ली नाल्याने कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे हुसेनसागरात आणले. त्यातील जड धातू तळच्या गाळात रुतून बसले. चिकण गाळातून पाणी झिरपत नाही. मग तो धुवावा कसा? विजेच्या प्रवाहाने चिकणमातीतील पाणीही सरकते, हे रॉइस याने मॉस्कोत १८०९ सालीच दाखविले होते. ओल्या मातीत दोन विद्युदग्रे रोवून एकदिश प्रवाह सोडला, की शिसे, कॅडमियम यांचे धनभारित कण ऋणाग्राकडे चालू लागतात. धनाग्राशी निर्माण होणारे आम्ल त्यांना मातीपासून सोडविते. ऋणाग्राशी अल्कली साचली, तर मात्र ते वाटेतच पुन्हा थिजतात. वीज धातूंचा नाश करीत नाही, त्यांना केवळ एका टोकास गोळा करते. तेथून ते काढून घेण्याचे, आणि मुळात नाल्यात न सोडण्याचे, काम माणसाचेच आहे.