रयतेचा पैसा रयतेच्या पोरांपर्यंत कसा पोचावा?

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत झालेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. पोराला पुढे शिकवायचे खरे, पण पैसा आणायचा कोठून? मग माजघरात तीन तोडगे निघतात. कोणी म्हणतो, ओढ्याकाठचा तुकडा विकू. कोणी म्हणतो, सावकाराकडून उचल घेऊ, पुढच्या सुगीला फेडू. तिसरा तोडगा मोठ्याने कोणी बोलत नाही, पण अमलात तोच अधिक येतो: पोराला धाडू, पोरीचे शिक्षण आता पुरे. या तिन्ही तोडग्यांच्या आधी एक चौथी वाट आहे, हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत. ती वाट म्हणजे फी-माफी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा म्हणजे सरकारच्या दारी पदर पसरावयाचा, असे आपल्यातील पुष्कळ मानी शेतकऱ्यांना वाटते. आम्ही विचारतो, तो पैसा कोणाचा? १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी याच प्रश्नावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल उभा राहतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांनी सरकारला सुनावले. शिष्यवृत्त्यांविषयीही ते स्पष्ट बोलले. नुसत्या चढाओढीने वाटलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्यायाच्या दिसतात, पण त्या जाऊन पडतात आधीच पुढे गेलेल्यांच्या पदरात. सबब ज्या वर्गांत विद्या पोचलीच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, असे त्यांचे मागणे होते.

आज शेतसारा नावापुरता राहिला असेल. परंतु साबणाची वडी, सुताराची करवत, ट्रॅक्टरचे डिझेल, मोबाइलचे रिचार्ज, या प्रत्येक खरेदीत सरकारचा वाटा आपण मोजून देतोच. ज्याने पेरले त्याने आपल्या वाट्याचे धान्य खळ्यावर मागितले, तर त्याला भिकारी कोणी म्हणत नाही. तद्वतच हे समजावे.

आता दुसरी गोष्ट. कॉलेजचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. फी भरली तरी पोराने शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय? हा प्रश्न आपल्या थोर पुरुषांनी फार पूर्वी ओळखला होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, त्याच साली जैनांचे काढले, आणि पुढे लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. खेड्यातल्या पोराला शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, निजायला छप्पर व ताटात भाकरी पाहिजे, हे त्या राजाला कळले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह चालू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवू लागली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रदेखील ठेवले नाही. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कमवा आणि शिका हा तेथील शिरस्ता. अंगमेहनत करून पदवी घेण्यात कमीपणा नाही, हे या संस्थेने महाराष्ट्राला दाखवून दिले.

एका शिष्यवृत्तीचे फळ केवढे असते, तेही पाहा. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला बी. ए.च्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे हाच विद्यार्थी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाला, तेव्हा त्याने आपल्या समाजाच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारकडून रक्कम मंजूर करून घेतली. १९४४ साली सुरू झालेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. एकाला दिलेला दिवा असा हजारोंच्या घरी गेला.

आता आज काय मिळते ते थोडक्यात ऐका. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फी आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळतात. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फी-माफीची निराळी योजना आहे. इतर मागास वर्ग, भटके व विमुक्त यांच्या मुलांसाठीही फीची योजना आहे. खुल्या वर्गातील गरिबांसाठी ई. बी. सी.ची सवलत १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सुरू झाली. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती चालते. तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या मुलाला निम्मी शिक्षण-फी व निम्मी परीक्षा-फी मिळते.

राहण्या-जेवण्यासाठी शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना, आदिवासी मुलांना स्वयं योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. मोठ्या शहरांत ही मदत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते, लहान गावी कमी असते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणी झालेले मजूर यांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षण घेताना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. ज्यांचे शेत दोन-चार एकरांचे आहे, त्यांनी अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवावा तो यासाठी. रकमा व उत्पन्नाच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते. सबब अर्ज करताना त्या वर्षीचा नियम वाचून घ्यावा.

मुलींच्या बाबतीत तर आता सबबच उरली नाही. ८ जुलै २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ झाली. पूर्वी ही सवलत निम्मी होती. तेव्हा इंजिनियरीची वा औषधनिर्माणाची जागा मिळवणाऱ्या पोरीला जो बाप आता फीच्या नावाने घरी बसवील, त्याने ते कारण दुसऱ्या कोणाला सांगावे, आम्हाला सांगू नये.

इतके असून पैसा पोरापर्यंत का पोचत नाही? येथे खरी मेख आहे, आणि ती नीट ध्यानात घ्या.

पहिली मेख प्रवेशाची. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बहुतेक सवलती, मुलींची ही पूर्ण माफीही, सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा घेतलेल्यांनाच मिळतात. कोणी दलाल दारी येतो, म्हणतो, कशाला फेऱ्यांची वाट पाहता, मॅनेजमेंटच्या कोट्यातून जागा देतो. बाप घाबरून पैसे मोजतो आणि त्या एका सहीने पोराची चार वर्षांची सवलत बुडते. खाजगी व अभिमत विद्यापीठांचेही तसेच. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: येथे प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळेल काय? उत्तर गुळमुळीत आले तर उठून चालते व्हा.

दुसरी मेख कागदांची. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, आधार. यांपैकी प्रत्येक वर्गाला काही लागतात, काही लागत नाहीत. पण वैधतेला महिनेच्या महिने लागतात. आजोबा-पणजोबांचे जुने दाखले शोधावे लागतात. ते काम पोर अकरावीला असतानाच हाती घ्यावे. निकालानंतर धावणाऱ्याचे बैल गेला आणि झोपा केला असे होते.

तिसरी मेख नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. कोठे बापाचे नाव गाळलेले, कोठे आडनाव निराळे लिहिलेले. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरतात आणि पैसा विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक-खात्यात येतो. नाव जुळले नाही किंवा खाते जोडलेले नसले तर मंजूर झालेला पैसादेखील अडकतो. बँकेत जाऊन आधार जोडल्याची खात्री करून घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तो अर्धा दिवस खर्चा.

चौथी मेख विसराळूपणाची. एकदा अर्ज केला म्हणजे कायमचे झाले, असा पुष्कळांचा समज असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी करावा लागतो. हजेरी राखावी लागते. कॉलेजाने अर्ज परत पाठवला असेल तर मुदतीत दुरुस्त करावा लागतो. यासाठी पोराने दर आठवड्याला आपला अर्ज उघडून पाहावा.

पाचवी मेख कॉलेजाची, आणि ती तुमच्या माथ्यावरची नव्हे. कित्येक ठिकाणी प्रवेशाच्या दिवशी सांगतात, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. शेतकऱ्याला हे परवडत असते तर त्याने सवलत मागितलीच कशाला असती? माफ असलेली फी विद्यार्थ्याकडून आगाऊ घेऊ नये, असे शासनाने कॉलेजांना बजावले आहे. तेव्हा घाबरू नका, भांडूही नका. लेखी मागा. तुमचे म्हणणे कागदावर लिहून द्या, पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे किंवा तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण यांच्या सहसंचालकांकडे तक्रार करा. शासनाचाही दोष आम्ही झाकत नाही. पैसा कित्येकदा वर्ष उलटून गेल्यावर येतो, आणि तोवर पोर उसनवारीवर जगते. रयतेने आपल्या आमदाराला जसे रस्ता व पाणी विचारावे, तसेच शिष्यवृत्ती केव्हा येणार हेही सभेत उभे राहून विचारावे.

आणखी एक जळू आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने मोडली, कारण अक्षरशत्रू रयतेचा कागद ज्याच्या हाती, त्याच्याच हाती तिची मानगूट असते. वतन गेले, पण जागा रिकामी राहिली नाही. आज अर्ज भरून देतो, साहेबांशी बोलतो, इतके टक्के द्या, असे म्हणणारे निघाले आहेत. सेवा केंद्राची ठरलेली फी द्यावी, तिची पावती घ्यावी. टक्केवारी मागणाऱ्याला उंबरा ओलांडू देऊ नये. आणि अर्जाचा पासवर्ड पोराच्याच हाती असावा, दुसऱ्या कोणाच्या नव्हे.

ज्यांना घरची जबाबदारी सोडून लांब जाता येत नाही, त्यांनीही शिक्षण सोडू नये. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.चा खर्च शहराच्या मानाने पुष्कळ कमी येतो, आणि कित्येक कॉलेजांत कमवा-शिका योजना आहे. सुतार, लोहार, गवंडी यांच्या मुलांना आय. टी. आय. व तंत्रनिकेतन आहे; घरचे कसब आणि यंत्राचे ज्ञान एकत्र आले तर ती जोडी शहरी पोराला ऐकायची नाही. नोकरी करून शिकणाऱ्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडे आहे. आणि जी मुले आज आठवीत आहेत, त्यांनी एन. एम. एम. एस.ची परीक्षा द्यावी. तिच्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

शेवटी आपल्या समाजाला दोन शब्द. लग्नाच्या मांडवात एका रात्रीत जो पैसा धुरात जातो, त्यात एका पोराची दोन वर्षांची खानावळ निघते. ऋण काढून सण करणाऱ्याला पोराच्या शिक्षणासाठी पैसा नाही असे म्हणण्याचा अधिकार नाही. दुसरे, प्रत्येक गावातून आज निदान चार पदवीधर निघाले आहेत. त्यांनी जून-जुलैत दर रविवारी चावडीवर वा देवळाच्या ओट्यावर एक वही घेऊन बसावे. कोणाच्या घरी कोण बारावीला आहे, कोणता कागद नाही, अर्ज कोठे अडला, हे लिहावे आणि तडीस न्यावे. ज्याने सवलतीवर शिक्षण घेतले, त्याच्यावर हे देणे आहेच. ते पैशात फेडता येत नसेल तर वेळेत फेडावे.

तेव्हा घरी गेल्यावर तुम्ही काय करायचे? पेटी उघडा. पोरांचे दाखले बाहेर काढा, नावे पडताळून पाहा, जो कागद नाही त्याचा अर्ज उद्याच द्या. जमिनीचा तुकडा विकण्याचा विचार त्यानंतर करा. बहुतेकांना तो करावाच लागणार नाही. आणि पोरीचे दाखले काढताना हात आखडू नका. तिचा हिस्सा सरकारने वेगळा मोजून ठेवला आहे. तो तिला मिळतो की नाही, हे आता सरकारच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे.