इंद्रायणीचा पहारा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात वलवण येथे केलेले भाषण)



इंद्रायणी कुठं म्हटलं की सगळे आळंदीकडं बोट दाखवतात. पण तिचा उगम आपल्या शेजारी, कुरवंड्याला. लोणावळ्याकडून निघून कामशेत, देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. म्हंजे आपली दिंडी पोचायच्या आधी आपल्याकडचं पाणी पांडुरंगाच्या दारात पोचलेलं असतं.

अलीकडं आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगतो. कारखान्यांचं आणि शहरांचं शुद्ध न केलेलं सांडपाणी, त्यातली साबणाच्या जातीची रसायनं. बंधाऱ्यावरून पाणी पडलं की फेस फुगतो. आणि भोळा वारकरी तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो.

कायदा नाही असं नाही. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कारखान्याला सांडपाणी सोडता येत नाही. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, त्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. कारखान्याच्या पाण्याला नदीत सोडताना सर्वसाधारण मर्यादा ३०. म्हंजे नियमात बसलेलं पाणीसुद्धा दहापट. मग चोरून सोडलेल्या पाण्याचं काय सांगावं!

डेअरीत दुधाची फॅट लावतात ती कॅनमधलं दूध काढून, आपल्या डोळ्यांसमोर. इथंही तसंच. मंडळाचा माणूस नमुना घेतो, कारखान्याच्या माणसासमोर त्याचे दोन भाग करून सील लावतो. पण रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत कामशेतच्या पुढं गेलेलं असतं. नमुना कशाचा घेणार?

म्हणून आम्ही सांगतो, काठच्या माणसानं जागं राहावं. नाल्याला रंग, वास दिसला की जागा, तारीख, वेळ लिहा. फोटो काढा. मंडळाला लगेच कळवा, लेखी तक्रारीची पोच घ्या. कुणी ऐकलंच नाही, तर मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन साध्या माणसालाही कोर्टात जाता येतं, अशी वाट कायद्यातच आहे.

पहाऱ्याचा वीणा आपण खाली ठेवत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. नदीचा पहाराही तसाच करू. वलवणकरांनी सोडला की कामशेतकरांनी धरावा, पुढं देहूकरांनी.

रामकृष्ण हरी.