साडीसाठी दाखला



समाजकार्याच्या अधिवेशनात अध्यक्षानं धोरण, निधी, कायदा असा भारदस्त विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. मी कपड्यांवर बोलणार आहे. तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींना मिळणाऱ्या, आणि बऱ्याचदा न मिळणाऱ्या, कपड्यांवर. विषय किरकोळ वाटेल. पण मदत देताना आपण जी पात्रता लावतो, तिचा फोलपणा इथे जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे कुठे पडत नाही.

या समाजाचे कपडे हा सरकारी कागदाचा विषय आजच झालेला नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला भटक्या-विमुक्तांच्या चळवळीनं शिकवला. त्या कायद्याचा दुसरा भाग मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेला असतो. तो हिजड्यांविषयी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग राबवला गेला तो मुख्यतः उत्तरेकडच्या वायव्य प्रांतात. म्हणून आपण त्यातून सुटलो असं समजू नका. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा झाला, आणि तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. तेलंगणाच्या कायद्याच्या पुस्तकात तो अगदी परवापर्यंत शिल्लक होता. तेलंगणा उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

त्याआधी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, खटल्यात सांगून टाकलं होतं की स्वतःची लिंगओळख पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हे अनुच्छेद १९ खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. ज्या साडीसाठी पूर्वी अटक होत होती, ती साडी हा आता हक्क झाला. हक्काची गोष्ट न्यायालयानं मिटवली. साडी आणायची कुठून, हा प्रश्न आपल्या खात्याचा, आणि तिथे आपण काय करतो ते पाहू.

साड्या सरकारं वाटतात. तमिळनाडूत १९८३ पासून पोंगलला साडी-धोतर मिळतं. तेलंगणात २०१७ पासून बतुकम्मा सणाच्या साड्या सुरू झाल्या. अठरा वर्षांवरची बाई हवी आणि तिचं नाव शिधापत्रिकेवर हवं, अशी तिथे अट होती. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं की अंत्योदय शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एक साडी द्यायची. तेलंगणात सिरसिल्ल्याच्या मागांना आणि आपल्याकडे यंत्रमागांना काम मिळावं हाही हेतू त्यात होता, आणि तो वाईट नाही. पण साडी मागावरून निघते आणि शिधापत्रिकेपाशी येऊन थांबते. शिधापत्रिका म्हणजे कुटुंब. ज्या पोरीला पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरातून हाकललं, तिचं नाव एक तर कार्डावरून कमी झालेलं असतं, नाही तर वडिलांच्या कार्डावर अजून मुलगा म्हणून असतं. कार्ड लातूरला, ती मुंबईत गुरूच्या डेऱ्यात. त्या डेऱ्यात एक चूल आहे, आजारपणात एकमेकींचं करणं आहे, गुरू आहे, चेले आहेत, गुरुभाई आहेत. पुरवठा खात्याच्या नमुन्यात हे कुटुंब बसत नाही. त्यात अंत्योदयचा कोटा ठरलेला, देशभरात अडीच कोटी कुटुंबांचा. नवीन नाव घ्यायचं तर आधी जागा रिकामी व्हावी लागते.

सरकारला बोलणं सोपं आहे. मला जास्त बोलायचं आहे ते आपल्याबद्दल, म्हणजे स्वयंसेवी संस्था, दानशूर मंडळं आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणारे उपक्रम यांच्याबद्दल. कपडेवाटपाचा एक अर्ज माझ्याकडे आला होता. संस्थेचं नाव घेत नाही. साडी, परकर आणि चादर एवढ्याच मदतीसाठी त्यात आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि तृतीयपंथी असल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, इतकं सगळं मागितलं होतं. खाली टीप: यापूर्वी कोणत्याही संस्थेकडून लाभ घेतलेला नसावा. हे सगळं गोळा करायला जितके हेलपाटे आणि जितकी बुडालेली मजुरी लागेल, तेवढ्यात बाजारातून साडी येते.

त्यातलं प्रमाणपत्र घ्या. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याच वर्षी नियम आले आणि राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. त्या नियमांमध्ये एक चांगली गोष्ट होती: स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं, शारीरिक तपासणी नको. ते ओळखपत्र कायदेशीर कामांसाठी आहे. त्यानं शिष्यवृत्ती मिळावी, कागदोपत्री नाव बदलावं. कपड्यांच्या गाठोड्यावर पहारा बसवायला ते काढलेलं नव्हतं. शिवाय क्रम पाहा. अर्जाला फोटो लागतो. तो फोटो आपल्या मनासारख्या पोशाखात असावा असं त्या व्यक्तीला वाटणारच, कारण पुढे सगळीकडे तोच दाखवायचा आहे. म्हणजे प्रमाणपत्राच्या आधी कपडे लागतात, आणि आपण कपड्यांच्या आधी प्रमाणपत्र मागतो.

काही संस्था याहून पुढे जातात. शस्त्रक्रिया झाली आहे का, असं विचारतात. नालसा निकालानं लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला आहे, आणि परकर द्यायला बसलेला कार्यकर्ता तोच प्रश्न टेबलावरून विचारतो. काही जण म्हणतात, जी कायम साडीत असते तिलाच द्या. आता दिवसभर पँट-शर्टात गोदामावर कामाला जाणारी आणि रात्री बैठकीत आल्यावरच साडी नेसणारी चेली काय खोटी ठरली? तिला साडी कायम नेसता येत नाही याचं एक कारण म्हणजे तिच्याकडे एकच साडी आहे.

आणि पारलिंगी पुरुष? ते आपल्या डोळ्यांसमोरच नसतात. तृतीयपंथी म्हटलं की दात्याला साडी आठवते. मुलगी म्हणून वाढवलेला, पुरुष म्हणून जगणारा तरुण आमच्या वाटपात आला की त्याच्या हातात साडी पडते, किंवा त्याला रांगेतून बाहेर काढलं जातं. त्याला हवं असतं ते बाइंडर, छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायचं घट्ट वस्त्र. ते महाग आहे म्हणून पोरं क्रेप बँडेज आवळून बांधतात. त्यानं फासळ्या दुखावतात, श्वास नीट घेता येत नाही. बरं बाइंडरसुद्धा दिवसभर घालायचं नसतं, झोपताना तर मुळीच नाही. आमच्या कोणत्याही यादीत ते नाही, कारण यादी करताना अशा एकालाही आपण विचारलेलं नसतं. साडीचंही तसंच. साडीबरोबर ब्लाउज लागतं; रुंद खांद्यांना तयार ब्लाउज बसत नाही, आणि माप घ्यायला नकार देणारे शिंपी आहेत. बायकांच्या चपला नऊ नंबरला मिळत नाहीत. आतले कपडे तर कुणी दान देतच नाही.

शाळेच्या गणवेशात हेच लहान वयात सुरू होतं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत सरकारी शाळेतल्या सगळ्या मुलींना गणवेश होता. मुलग्यांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. आपल्या राज्यानं नंतर उरलेल्या मुलग्यांनाही तो दिला, हे चांगलं झालं. पण मुलगी कोण आणि मुलगा कोण हे हजेरीपट ठरवतो आणि कापड त्याप्रमाणे बेतलं जातं. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या पारलिंगी मुलांशी कधी बोललात तर गणवेशाचा विषय लवकर निघेल.

आता आपलीच मंडळी म्हणतील, अटी काढल्या तर कुणीही येईल, दोनदा घेईल, बाजारात विकेल. येऊ दे, असं मी म्हणणार नाही. निधी मर्यादित असतो आणि हिशेब द्यावा लागतो. पण आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. नोंद न झालेले कितीतरी असतील, तरी ही काही अमर्याद गर्दी नव्हे. शिवाय तृतीयपंथी असल्याचं सोंग करून एक साडी मिळवण्यासाठी चारचौघांत रांगेत उभं राहणारे लोक मला अजून भेटायचे आहेत. त्या रांगेत उभं राहायला काय लागतं, हे त्या रांगेतल्यांना विचारा.

मर्यादा घालायचीच तर नगांवर घाला: वर्षाला दोन जोड, एक चप्पल. ओळखीवर घालू नका. कोल्हापुरात आणि इतर शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, नाव विचारत नाहीत. १९९९ मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली गूंज संस्था गावच्या सामूहिक कामाच्या बदल्यात कपडे देते. तिथे अट आहे, पण ती कामाची. मला स्वतःला भिंतीचा मार्ग जास्त पटतो, कारण सामूहिक कामाला या लोकांना गाव बोलावेलच असं नाही. भिंतीचीही अडचण आहे: तिथे माप मिळत नाही आणि भर चौकात उभं राहून कपडे निवडायची हिंमत प्रत्येकाला होत नाही. म्हणून डेऱ्यातल्या गुरूच्या किंवा वस्तीतल्या कार्यकर्तीच्या एका शब्दावर कपडे द्यावेत, आणि जो डेऱ्यात राहत नाही त्याच्या स्वतःच्या शब्दावर.

उद्याच्या दुसऱ्या सत्रात आपण आपापले वाटपाचे अर्ज टेबलावर मांडणार आहोत. माझी सूचना एवढीच की त्यातला लिंगाचा रकाना आणि दाखल्यांची यादी खोडून मापाचे रकाने घाला: खांदा, छाती, कंबर, उंची, चपलेचा नंबर. साडी, सलवार-कमीज, पँट-शर्ट, बाइंडर यांतलं काय हवं ते त्या व्यक्तीला निवडू द्या. ब्लाउजच्या शिलाईचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे धरा आणि शिंप्याशी आधी बोलून ठेवा. तसा एक कच्चा नमुना मी सोबत आणला आहे. नोंदणीच्या टेबलावर त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. त्यात काय राहिलं आहे ते उद्या सांगा.