शिष्य कसे घडतात?



ज्युबिलीच्या दिवशीं बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या बाहेर निघतात. पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबांचें नांव सांपडलें कीं डोळे भरून येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तेथील आंकडा मोजून आपण समाधान मानूं लागतों, तेव्हां आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. वहींत नांव चढलें म्हणजे शिष्य झाला काय? पहिल्या कम्युनियनला शुभ्र पोशाखांत उभीं राहिलेलीं मुलें दृढीकरणानंतर मिस्सेस किती दिसतात, हें आपण सर्व जाणतों. तो आंकडा मात्र आपण कोठेंच लिहीत नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटीं प्रभूची जी आज्ञा आहे, तिच्या मूळ ग्रीक वाक्यांत मुख्य क्रियापद शिष्य करण्याचें आहे. जाणें, बाप्तिस्मा देणें व शिकविणें हीं त्याच्या आधारानें येतात. आम्हीं बाप्तिस्मा तेवढा मुख्य धरिला, आणि शिकविण्याचें काम प्रश्नोत्तरीच्या पाठांतरावर सोपवून मोकळे झालों.

फादर स्टीफन्स यांस ही उणीव चारशें वर्षांपूर्वीं कळली होती. गोव्यांतील नवख्रिस्ती लोकांचीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्या रिकाम्या जागीं ठेवण्याजोगें त्यांपाशीं कांहीं नव्हतें. म्हणून त्यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. बाप्तिस्मा झालेल्यांची भूक भागविण्यासाठीं केलेलें तें काम होतें.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरचें. ते आपल्या पंथाचे नव्हते, हें आम्ही विसरलों नाहीं. पण शिकण्याजोगें जेथें असेल तेथून शिकावें. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसांत दुभंगला. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी आपला धर्म व आपलें सोवळें सांभाळूनच. उपदेशांचा भडिमार करून त्यांचें मन वळलें नाहीं. डोळ्यांसमोर रोज एक माणूस कसा जगतो हें त्या पाहत होत्या, त्याच्याशीं भांडत होत्या, आणि जातिभेदाचा विचार आपल्याच बुद्धीनें करीत होत्या. सुमारें पांच वर्षांनीं त्यांनीं स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. धर्मशिक्षणावरील पुष्कळ जाड ग्रंथांपेक्षां तें अधिक उपयोगी पडेल. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारिला, व त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा दिली. एवढ्यापर्यंत आपणांस त्यांच्यामागें जातां येणार नाहीं. परंतु शिष्यत्व ही चालण्याची गोष्ट आहे, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत.

तुकोबांचें देहू आपल्यापासून दूर नाहीं. जी इंद्रायणी तेथें वाहते, ती येथेंच लोणावळ्याजवळ डोंगरांत उगम पावते. आषाढी वारींत नवा माणूस दिंडींत शिरतो, तेव्हां त्याची परीक्षा कोणी घेत नाहीं. तो जुन्या वारकऱ्याच्या शेजारीं चालतो; चालतां चालतां अभंग ओठीं बसतो, दुसऱ्याचें ओझें उचलण्याची संवय लागते. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूनेंही दोघां शिष्यांबरोबर प्रथम चालून घेतलें. भाकर मागाहून मोडली.

ख्रिस्तसभेनेंही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ सालीं, प्रौढांसाठीं पायरीपायरीनें होणारा जुना दीक्षाविधि पुन्हां प्रचारांत आणिला. त्यांत बाप्तिस्म्यापूर्वीं सोबती लागतो, आणि बाप्तिस्म्यानंतरही शिक्षण चालू राहतें. मग जन्मतःच बाप्तिस्मा मिळालेल्या आपल्या मुलांनींच सोबत्यावांचून कां राहावें?

भोर घाटांतून १८६३ सालीं आगगाडी सुरू झाली, आणि रेल्वेच्या चाकरीनिमित्त नाना भाषांचीं माणसें या भागांत आलीं. बदलीच्या नोकरींत देऊळ मागें राहतें; संध्याकाळची घरांतील रोझरी मात्र ट्रंकेबरोबर पुढच्या गांवीं जाते. म्हणून आमची विनंति धर्मगुरूंपेक्षां धर्ममातापित्यांस अधिक आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशीं मेणबत्ती धरून आपण फोटोंत उभे राहिलों. त्या मुलाची इयत्ता आज कोणती, तें आपणांस सांगतां येईल काय? दृढीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागें एका प्रौढानें निदान एक वर्ष उभें राहावें: महिन्यांतून एकदां त्याच्या घरीं जावें, आजाऱ्यास भेटावयास जातांना त्यास बरोबर न्यावें, आणि त्याच्या प्रश्नांस उत्तर येत नसेल तर तसें सांगावें. मावळांतील लांबच्या गांवीं जाण्यास पावसाळ्यांत त्रास पडेल, हें आम्हांस ठाऊक आहे. नांवें आज जेवणानंतर वेदीच्या खोलींत लिहून घेऊं. वही नवी आणिली आहे.