जमा आणि नावे



मुख्याध्यापकांनी पाठविलेल्या निमंत्रणपत्रात आजच्या भाषणाचा विषय स्वच्छ अक्षरांत नमूद केलेला आहे : बारावीनंतर वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे शिक्षण घ्यावयाचे झाल्यास त्यास खर्च किती आणि त्यापासून प्राप्ती किती. विषय त्यांनी विचारपूर्वक निवडला आहे आणि त्यावर बोलण्याची माझी तयारीही आहे. परंतु सकाळी फाटकातून आत येताना उजव्या हातास वसतिगृहाची ती बैठी कौलारू इमारत दिसली, आणि जो हिशेब मी तुम्हांस सांगणार आहे तो मांडावयास मी त्याच ओसरीवर शिकलो, हे आधी सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

१९७२ साली, माण-खटावच्या माळावर पाऊस पडला नाही आणि गावेच्या गावे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती, तेव्हा माझ्या वडिलांनी मला या शाळेच्या पाचवीत आणून घातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरविले. त्या वृक्षाची एक पारंबी आमच्या दुष्काळी मुलखात उतरली नसती, तर वडिलांच्या हातातला हातोडा पुढे माझ्या हाती आला असता. वसतिगृहाचे आमचे रेक्टर गुरुजी गणित शिकवीत. प्रत्येक मुलाने एक वही घालावी, डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर नावे लिहावे, आणि दर शनिवारी सायंकाळी ती वही त्यांच्यासमोर रुजू करावी, असा त्यांचा शिरस्ता होता. घरून महिन्याला चार रुपये येणाऱ्या मुलास वही कशाला, असे आम्हांस वाटे. गुरुजींचे म्हणणे असे की ज्याच्याजवळ चारच रुपये आहेत त्यालाच तिची गरज अधिक.

आठवीत असताना मी अडीच रुपयांचे एक शाईचे पेन घेतले आणि वहीत लिहिले नाही. शनिवारी गुरुजींनी माझ्या बोटांवरची निळी शाई पाहिली, वही पाहिली, आणि एक शब्दही न बोलता वही माझ्याकडे परत सरकविली. मी ती रक्कम नावे लिहिली. मग त्यांनी विचारले, या अडीच रुपयांपायी यापुढे काय राहील, तेही लिही. मी लिहिले : डोक्याचे तेल, दोन महिने. रागावणे नव्हते, शिक्षा नव्हती. पण ती ओळ लिहिताना मला जे उमगले, त्यावर मी पुढे महाविद्यालयाचे शिक्षण केले, नोकरी केली, दोन मुलींची लग्ने केली आणि घर बांधले. गुरुजी आज हयात नाहीत. त्यांच्या सूनबाई समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आहेत, त्यांना मी येथूनच नमस्कार करतो.

आणखी एक आठवण सांगितली पाहिजे. शास्त्राच्या खोलीतील कपाटात शाळेचे एकुलते एक सूक्ष्मदर्शक यंत्र कुलपात असे, आणि नववीत ज्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी विटांच्या बांधकामाप्रमाणे एकीस एक लागून उभ्या असलेल्या मी पाहिल्या, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. पुढे साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून मी बी.एस्सी. झालो, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतली, आणि पस्तीस वर्षे सरकारी ग्रामीण रुग्णालयांत त्याच जातीच्या यंत्रावर डोळा लावून बसलो. थुंकीच्या एका काचपट्टीवर क्षयाचे जंतू नाहीत असे लिहिण्यापूर्वी शंभर क्षेत्रे तपासावी लागतात. कंटाळून साठाव्या क्षेत्रास उठणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे. २०२० साली, साथीच्या ऐन धामधुमीत, मी निवृत्त झालो.

आता विषयाकडे वळतो. समजा, एखाद्या मुलाने दोन वर्षांच्या पदविकेस प्रवेश घेतला. शुल्क वर्षाला ६०,००० धरले, तर दोन वर्षांचे १,२०,००० झाले. घरापासून दूर राहिल्यामुळे वाढणारा खोली-खानावळीचा खर्च महिना ७,००० धरल्यास तो १,६८,००० होतो. येथे बहुतेक पालक बेरीज थांबवितात आणि २,८८,००० हा आकडा मनाशी धरतात. माझे गुरुजी थांबले नसते. हाच मुलगा या दोन वर्षांत तालुक्याच्या गावी दुकानात राहता, तर महिना ९,००० मिळविता. ते न मिळालेले २,१६,००० देखील नावेच पडले पाहिजेत. एकूण ५,०४,००० झाले. अभ्यासक्रम पुरा होऊन खासगी प्रयोगशाळेत त्यास १४,००० मिळाले, तर शिक्षणामुळे झालेली वाढ महिना ५,००० आणि वर्षास ६०,०००. म्हणजे पगारवाढ न धरता, घातलेली रक्कम वसूल होण्यास आठ वर्षे आणि वर जवळजवळ पाच महिने लागतील. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही भरावयाचे आहेत. कर्ज घेणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा की अभ्यासक्रमानंतर परतफेडीस साधारण एक वर्षाची सवलत मिळते, परंतु त्या मुदतीत व्याज झोप घेत नाही.

याच वहीत दुसरे पान उघडा. रेल्वेच्या सेवेत बारावी विज्ञान आणि पदविका यांवर प्रयोगशाळा सहायक होता येते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्या पदाचे आरंभीचे मूळ वेतन २१,७०० आहे. त्याच रेल्वेत प्रयोगशाळा अधीक्षकाचे मूळ वेतन ३५,४०० आहे, परंतु तेथे विज्ञानाची पदवी आणि तीवर पदविका, अथवा याच विषयाची पदवी लागते. महिन्याला १३,७०० रुपयांचे हे अंतर पदवीच्या अधिक वर्षांनी निर्माण केलेले आहे. सरकारी जागा थोड्या आणि अर्जदार पुष्कळ, हे मी जाणतो. तरीही स्वस्त आणि लवकर उरकणारे शिक्षण नेहमी कमी खर्चाचे असते ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. आणि पदविका घेऊन गावात स्वतःची प्रयोगशाळा थाटू, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ मधील निर्णय समजून घ्यावा : तपासणीच्या अहवालावर प्रतिस्वाक्षरी करण्याचा अधिकार विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासच आहे. तेव्हा त्या डॉक्टरांचे मानधनही नावेच्या पानावर आले पाहिजे.

वास्तविक मला अजून बोलावयाचे होते, पण घड्याळाकडे पाहून एकच गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने शहरातील एका संस्थेत दोन वर्षे घालविली, शुल्क भरले, प्रमाणपत्रही मिळविले. नोंदणीसाठी परावैद्यक परिषदेकडे अर्ज केला तेव्हा त्या संस्थेस मान्यताच नसल्याचे उघड झाले. मी पस्तीस वर्षे याच खात्यात होतो आणि त्याने मला एकदाही विचारले नाही, कारण मुलाने पसंत केलेल्या शिक्षणाचा हिशेब मागणे म्हणजे त्याच्या हौसेवर पाणी ओतणे, असे आमच्या घरातही सर्वांना वाटत होते. ही समजूत मला फार जाचते. हौस खरी असेल तर ती वहीपुढे ठेवण्यास मुलाला भीती वाटू नये, आणि वहीतली तूट दिसल्यावरही ज्यास तेच करावेसे वाटेल त्याने अवश्य करावे; मीही केले. परंतु न मांडलेल्या हिशेबावर आईचे दागिने आणि वडिलांची जमीन गहाण पडू नये.

समोर बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे की मुलीसाठी ही वही मांडताना ‘आज ना उद्या परक्या घरी जायची’ असे म्हणून जमेचे पान कोरे सोडू नका. माझ्या हाताखाली उत्तम काम केलेल्या तंत्रज्ञांत अर्ध्याहून अधिक मुली होत्या. आणि दुसऱ्या रांगेत बसलेले आमच्या गावचे डॉक्टरसाहेब, जे माझे वर्गबंधू आहेत, त्यांना येथे सर्वांसमक्ष एवढेच म्हणतो की आपल्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या, नोंदवही लिहिणाऱ्या मुलीस लेखी नेमणूकपत्र द्यावे, कारण त्या कागदावाचून तिच्या अनुभवाची वर्षे कोठेही जमा धरली जात नाहीत.

मी उद्या दुपारच्या गाडीने परत जाणार आहे. तोवर, सकाळी आठपासून, वसतिगृहाच्या ओसरीवर बसेन. बारावीच्या ज्या मुलामुलींना आपला हिशेब मांडून पाहावयाचा असेल त्यांनी वही आणि पेन्सिल घेऊन यावे, आणि शक्य असेल तर आई-वडिलांनाही बरोबर आणावे.