गाठीतलं प्लॅस्टिक



अकोटच्या बाजारात कापसाचा लिलाव चालतो तेव्हा व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढतो, पुंजका ताणून धाग्याची लांबी पाहतो, ओल पाहतो, किडकी कवडी किती आहे ते पाहतो आणि भाव बोलतो. पण तो भाव त्याच्या एकट्याच्या मनचा नसतो. न्यूयॉर्कचा वायदा, डॉलरचा दर, ब्राझीलचं पीक, सरकीचा बाजार, असा सगळा हिशेब आदल्या रात्रीच त्याच्या मोबाइलवर येऊन पडलेला असतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये याचा प्रत्यय सगळ्यांनाच आला. अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. कापड निर्यात करणाऱ्यांचं धाबं दणाणलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके वऱ्हाडात सीतादहीची पूजा होऊन नवा कापूस घरात यायचे दिवस. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झालेला, आणि बंदरावर परदेशी गाठींना दार उघडं!

यातल्या कशावरही शेतकऱ्याचा काडीचा ताबा नाही. ताबा आहे तो एकाच गोष्टीवर, आणि आजची मिनिटं त्या एकाच गोष्टीसाठी आहेत. कापसात प्लॅस्टिक जाऊ द्यायचं नाही.

यात जागतिक स्पर्धा कुठे आली, असं कुणी विचारील. तर ऐका. खताच्या पिशवीचा एक उसवलेला धागा कापसात गेला. जिनात त्याचे तुकडे झाले, गाठीत दाबले गेले, सूतगिरणीत सुताबरोबर कातले गेले. तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. कापड विणून रंगाच्या हौदातून बाहेर निघालं की मग तो धागा दिसतो, कारण प्लॅस्टिक कापसाचा रंग धरत नाही. गडद निळ्या कापडावर पांढरी रेघ! अख्खा तागा हलक्या भावात जातो. गिरणीवाला मग गाठ कुठली ते पाहतो आणि पुढच्या खेपेला भाव पाडूनच मागतो.

पंगतीचंच पाहा. तांदूळ उत्तम, वरण फक्कड, तूप सढळ हाताने वाढलेलं, आणि व्याह्याच्या दाताखाली खडा आला. हजार शितांत एकच खडा होता, हे त्याला सांगून काय उपयोग? तो पुढचा प्रत्येक घास चाचपडत खाणार. शेजारी दुसरी पंगत बसली असेल आणि तिथला भात निवडलेला असेल, तर तो तिकडे जाणार. बरं, तांदूळ निवडायचा कुणी? स्वयंपाकघरात आचारी म्हणतो वाण्याने, वाणी म्हणतो गिरणीने. व्याही मात्र यजमानालाच नावं ठेवतो. कापसात यजमान म्हणजे भारत हे नाव. जगभरच्या सूतगिरण्यांना विचारून केलेल्या पाहण्यांत भारतीय कापूस वर्षानुवर्षं जास्त कचऱ्याच्या यादीत राहिलेला आहे.

आणि खेद असा, की आपला कापूस हाताने वेचलेला. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये यंत्र वेचतं. ते पानं, काड्या, बोंडाची टरफलंही ओढून घेतं. आपल्या आयाबहिणी एकेक बोंड मोकळं करतात. खरं तर आपला कापूस जगात सगळ्यात निर्मळ असायला हवा. झिंबाब्वेचाही कापूस हातवेचणीचाच, पण त्याने स्वच्छ माल म्हणून नाव कमावलं. आपण आपला कापूस शेतातून चांगला काढतो आणि खताच्या पिशवीत भरतो.

ही बदनामी आजची नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीचं नाव या मालाला चिकटलं. केवढी संधी! पण मधल्या मंडळींनी वजन वाढवायला सरकी, माती, पाणी मिसळलं. मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. युद्ध संपलं आणि लँकेशायर परत अमेरिकेकडे वळलं. आपला धागा आखूड होता हेही खरं. पण आखूड धाग्यावर जपान्यांनी पुढे धंदा करून दाखवला. निरनिराळे कापूस मिसळून सूत काढण्यात ते वाकबगार होते.   

आता आजची स्पर्धा पाहा. ब्राझीलने 2023-24 मध्ये कापूस निर्यातीत अमेरिकेला मागे टाकलं. त्यांचाही बहुतेक कापूस पावसावरच. हेक्टरी उत्पादनात ते आपल्या कितीतरी पुढे आहेत, ते एका हंगामात गाठता येणार नाही. पण त्यांच्या गाठीवर चिठ्ठी असते. कुठलं शेत, कुठलं जिन, धागा कसा, सगळं कळतं. अमेरिकेतही यंत्राने बांधलेल्या गठ्ठ्यांवरचं प्लॅस्टिक कापसात येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या कृषी खात्याने 2018 मध्ये प्रतवारीत प्लॅस्टिकसाठी वेगळे संकेतांक घातले. आपल्याकडे ‘कस्तुरी’ नावाने भारतीय कापसाची ओळख 2020 मध्ये जाहीर झाली. नाव सुरेख आहे. पोती मात्र तीच.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, हे ठणकावून सांगायला हवं. स्वच्छ कापूस आणि कचऱ्याचा कापूस एकाच भावात एकाच ढिगावर पडत असेल, तर कापडी झोळीचा खर्च त्याने का करावा? जिनवाल्याने क्विंटलमागे थोडं जास्त मोजलं पाहिजे. कुणी म्हणेल, एवढ्या गाड्यांत कोण पाहत बसणार. तर त्यासाठी बाजार समितीने वेगळा ओटा आणि वेगळी बोली... पण घड्याळ पुढे सरकतं आहे.

तेव्हा, पुन्हा एकदा. खताची पिशवी नको, प्लॅस्टिकची सुतळी नको. वेचायला जाताना डोक्याला सुती फडकं बांधा, केसही कापसात जातात. तंबाखूची पुडी धुऱ्यावर ठेवा, कापसाच्या ढिगाजवळ नको. भिजलेला कापूस आणि कवडी वेगळी ठेवा. आणि झोळ्या पहिल्या वेचणीआधी शिवून घ्या. जुन्या सुती लुगड्याच्या चालतात, नायलॉनच्या साडीची मात्र नको.